इशी : ज्याच्याकडून अमेरिका पुन्हा धनुष्याने शिकार करायला शिकली

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत रॉकी पर्वताच्या उंच रानात तंबू पडायला लागतात. नऊ-दहा हजार फुटांवरची विरळ हवा, पहाटेची कडाक्याची थंडी आणि पाठीवर आठवडाभराचं सामान. हे लोक येतात एल्कच्या मागावर. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. हे दिवस त्याच्या माजाचे असतात. शिकारी तोंडाने किंवा नळीने नराच्या आवाजाची नक्कल करतो, वाऱ्याची दिशा सांभाळत दबा धरून बसतो आणि जनावर अगदी जवळ येण्याची वाट पाहतो. कारण त्याच्या हातात बंदूक नसते. असतं ते धनुष्य.

हातात बंदूक असताना माणूस पुन्हा धनुष्याकडे का वळला? याचं उत्तर शोधत मागे गेलं की एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं. त्याचं नाव इशी. खरं तर ते त्याचं नावही नव्हतं.

डोंगरातली छोटी जमात

उत्तर कॅलिफोर्नियात लासेन नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या पश्चिम उतारावर मिल क्रीक आणि डियर क्रीक हे दोन ओढे खोल दऱ्या कापत खाली येतात. या दऱ्यांमध्ये याना लोकांची एक शाखा राहायची, तिचं नाव ‘याही’. ही मंडळी शेती करत नव्हती. ओकची फळं दळून त्याची लापशी, ओढ्यातले सॅमन मासे आणि हरणाचं मांस यावर त्यांचं पोट भरायचं. उन्हाळ्यात ते पर्वतावर चढायचे, थंडीत खालच्या दऱ्यांत उतरायचे. याहींची संख्या आधीपासूनच काही शेकड्यांच्या घरात होती.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लाखो माणसं तिकडे धावली. सोन्याच्या खाणींमुळे ओढे गढूळ झाले, मासे कमी झाले. गुरंढोरं चरायला आली. शिकारीच्या जनावरांवर बंदुका चालल्या. कॅलिफोर्नियाच्या मैदानातले ट्युले एल्क तर त्या काळात जवळपास संपलेच होते. भुकेले याही लोक कधी वसाहतवाल्यांची गुरं मारायचे. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या बंदुका घेऊन त्यांच्या वस्त्यांवर तुटून पडायच्या.

इशीचा जन्म साधारण १८६० च्या सुमाराचा. १८६५ मध्ये मिल क्रीकच्या काठी झालेल्या हल्ल्यात डझनावारी याही मारले गेले. त्यानंतरही कत्तली झाल्या. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरच्या जगाने याही संपले असं मानलं.

चाळीस वर्षं लपून

पण मूठभर याही उरले होते. छोटा इशी त्यांच्यातलाच. पुढची जवळपास चाळीस वर्षं ते लपून राहिले. धूर दूरवर दिसणार नाही अशा बेताने चूल पेटवायची. झुडपं तोडायची नाहीत, त्यांच्या खालून वाकून जायचं, म्हणजे वाट तयार होत नाही. पाऊल शक्यतो दगडावर टाकायचं.

या जगण्यात बंदूक उपयोगाची नव्हती. गोळीचा आवाज दरीभर घुमतो. धनुष्याचा होत नाही. आधुनिक शिकारी ज्या शांतपणाचा छंद म्हणून आनंद घेतो, तोच शांतपणा इशीसाठी जिवंत राहण्याची अट होती.

एकेक करून माणसं गेली. नोव्हेंबर १९०८ मध्ये एका वीज कंपनीचे सर्व्हेयर डियर क्रीकच्या दरीत शिरले आणि त्यांना झाडीत दडलेली वस्ती सापडली. त्या वेळी तिथे चारच माणसं होती. एक म्हातारा आणि एक स्त्री (बहुधा इशीची बहीण) पळून गेले आणि इशीला पुन्हा कधीच दिसले नाहीत. इशीची आजारी आई मागे पांघरुणात पडून होती. आलेल्या लोकांनी तिला हात लावला नाही. पण वस्तीतल्या पांघरुणांपासून धनुष्यबाणापर्यंत हाताला लागलं ते सामान ‘आठवण’ म्हणून उचलून नेलं. हिवाळा तोंडावर होता. इशी आईला घेऊन दुसरीकडे गेला. थोड्याच दिवसांत ती वारली. त्यानंतर इशी एकटाच राहिला.

खाटिकखान्याच्या कुंपणापाशी

ऑगस्ट १९११ च्या अखेरीस ओरोव्हिल गावाबाहेरच्या खाटिकखान्यात कुत्री भुंकायला लागली. कुंपणाला टेकून एक माणूस बसला होता. हडकुळा, थकलेला, अंगावर जेमतेम एक फाटकं कापड. सुतकात करतात तसे त्याने डोक्यावरचे केस जाळून आखूड केले होते. त्याच्यापाशी धनुष्य नव्हतं.

शेरीफने त्याला तुरुंगातल्या खोलीत ठेवलं. ही कोठडी शिक्षेसाठी नव्हती. बघ्यांची गर्दी उसळली होती आणि त्याची भाषा कुणालाच कळत नव्हती. बातमी वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन यांनी ओरोव्हिल गाठलं. त्यांनी याना भाषेतल्या शब्दांची यादी आणली होती. ते एकेक शब्द वाचत गेले. समोरचा माणूस शून्यात बघत राहिला. शेवटी वॉटरमन यांनी पिवळ्या पाइनसाठीचा शब्द उच्चारला, ‘सिविनी’, आणि खाटेच्या लाकडावर बोट ठेवलं. त्या माणसाचा चेहरा उजळला. तीन वर्षांनी कुणीतरी त्याच्या भाषेतला शब्द बोललं होतं.

सप्टेंबरमध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात नेलं. वार्ताहर नाव विचारू लागले. पण याहींमध्ये स्वतःचं नाव परक्याला सांगण्याची रीत नव्हती आणि त्याचं नाव सांगू शकेल असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. संग्रहालयाचे प्रमुख आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत इशी म्हणजे माणूस.

संग्रहालयातला माणूस

इशी संग्रहालयातच राहू लागला. त्याला साफसफाईचं काम मिळालं आणि महिन्याला २५ डॉलर पगार. रविवारी तो लोकांसमोर काठीवर काठी घासून विस्तव पाडायचा आणि बाणांची टोकं घडवायचा. हजारो लोक ते बघायला यायचे. त्याला समुद्रकिनारी नेलं तेव्हा समुद्रापेक्षा तिथल्या गर्दीचं त्याला जास्त नवल वाटलं. एवढी माणसं एका जागी असू शकतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथे १९१२ मध्ये सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन शिकवायला आले. ते इशीला तपासायचे. हळूहळू दोघांची मैत्री झाली आणि पोपना इशीच्या धनुष्याने झपाटलं. मग जवळच्या झाडीत दोघांची तालीम सुरू झाली. सर्जन शिष्य आणि इशी गुरू.

साडेतीन फुटांचं धनुष्य

इशीचं धनुष्य दिसायला लहान, सुमारे साडेतीन फुटांचं. ते ज्युनिपरच्या लाकडाचं असायचं. त्याच्या बाहेरच्या अंगाला हरणाच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेले असत. हे तंतू तो दातांनी चावून मऊ करायचा आणि सॅमनच्या कातडीपासून काढलेल्या सरसाने बसवायचा. सरस वाळला की तंतू आक्रसतात. त्यामुळे धनुष्याला जोर येतो आणि ते मोडतही नाही. दोरीही स्नायूंच्या तातीचीच. ओढायला साधारण ४० पौंडांचा जोर लागायचा. आजच्या शिकाऱ्याच्या चाकं लावलेल्या कंपाउंड धनुष्यापुढे हे मामुली वाटेल, पण हरणाला ते पुरेसं होतं.

बाणाचं टोक ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेचं. हरणाच्या शिंगाचं टोक दाबून तो काचेचे बारीक कपचे उडवायचा. शहरात आल्यावर बाटलीच्या काचेचीही टोकं त्याने तितक्याच सफाईने बनवली.

धनुष्य वापरात नसेल तेव्हा ते आडवं ठेवायचं, उभं ठेवलं तर ते काम करत राहतं आणि थकतं, अशी त्याची समजूत होती.

पोप यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. लांबच्या निशाण्यावर बाण मारण्यात इशी काही फार तरबेज नव्हता. त्याची खरी विद्या बाण सोडण्याआधीची होती. शिकारीआधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून वासाच्या पानांनी अंग चोळायचा, म्हणजे माणसाचा वास दबतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायचा. पान ओठांत धरून पाडसाचा आवाज काढला की हरिणी धावत यायची. कधी पेंढा भरलेलं हरणाचं डोकं स्वतःच्या डोक्यावर बांधून तो झुडपामागून हळूच वर यायचा. हरीण कुतूहलाने पुढे सरकायचं. वीस-पंचवीस पावलांवर आलं की बाण सुटायचा. आज एल्कच्या मागावर गेलेला शिकारी जे करतो, त्यातलं बहुतेक सगळं यात आहे.

पुन्हा डियर क्रीकला

मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा अकरा वर्षांचा मुलगा इशीला घेऊन त्याच्या डोंगरात मुक्कामाला निघाले. इशी आधी राजी नव्हता. ज्या दरीत आपली सगळी माणसं गेली तिथे हौसेने तंबू ठोकायला कोण जाईल? पण शेवटी तो गेला.

तिथे पोहोचल्यावर मात्र नातं उलटं झालं. शहरात त्याला सगळं शिकावं लागत होतं, इथे प्राध्यापक त्याचे विद्यार्थी झाले. हरणाची वाट कुठली, भाला मारून सॅमन कुठे धरायचा, कुठल्या वस्तीत कोण राहायचं, हे तो दाखवत गेला. त्याने शेकडो झाडाझुडपांची नावं आणि उपयोग सांगितले. सोबत्यांनी दरीचा नकाशा केला. १९०८ ची ती लपलेली वस्तीही त्याने दाखवली. दोन-तीन आठवड्यांनी मंडळी परतली. इशीला आपल्या डोंगरात राहण्याची मुभा होती, पण तो शहरात परत आला. डोंगरात त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

मृत्यू आणि नंतर

शहरातल्या रोगांशी लढण्याची ताकद इशीच्या शरीरात नव्हती. १९१४ च्या अखेरीस खोकला सुरू झाला. तो क्षयरोग निघाला. तरीही १९१५ च्या उन्हाळ्यात भाषातज्ज्ञ एडवर्ड सपिर यांच्यासमोर तो दिवसदिवस बसून आपली भाषा सांगत राहिला. २५ मार्च १९१६ रोजी तो वारला.

तेव्हा क्रोबर न्यूयॉर्कला होते. इशीच्या देहाची चिरफाड होऊ नये, असं त्यांनी पत्राने कळवलं होतं. पत्र उशिरा पोहोचलं. शवविच्छेदन झालं, मेंदू काढून ठेवला गेला. देहाचं दहन करण्यात आलं. सोबत त्याचं धनुष्य, पाच बाण आणि ओकच्या पिठाची टोपली ठेवली होती. पुढच्या वर्षी क्रोबर यांनी स्वतःच तो मेंदू स्मिथसोनियन संस्थेला पाठवला. ज्याने विरोध केला, त्यानेच शेवटी मित्राच्या देहाचा भाग नमुना म्हणून रवाना केला.

हा मेंदू ऐंशीहून अधिक वर्षं स्मिथसोनियनच्या ताब्यात राहिला. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी १९९० च्या दशकात विचारणा सुरू केली. संशोधक ओरिन स्टार्न यांनी त्याचा माग काढला. ऑगस्ट २००० मध्ये याना वंशजांचा समावेश असलेल्या रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर जमातीकडे तो सोपवण्यात आला. अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्यांनी इशीला त्याच्या डोंगराकडे नेलं. ती जागा गुप्त ठेवली आहे. ज्याचं आयुष्य लपण्यात गेलं आणि नंतर लोकांच्या नजरेसमोर गेलं, त्याला शेवटी निवांत जागा मिळाली.

त्याची विद्या कुठे गेली?

सॅक्स्टन पोप यांनी इशीकडून शिकलेलं सगळं लिहून काढलं. १९१८ मध्ये याही धनुर्विद्येवरचा त्यांचा अभ्यास छापला गेला आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणाने शिकार कशी करावी यावरचं पुस्तक आलं. या पुस्तकाने अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांची नवी पिढी घडवली. पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये ‘पोप अँड यंग क्लब’ सुरू झाला. धनुष्याने मिळवलेल्या एल्क आणि इतर मोठ्या जनावरांच्या नोंदी आजही हा क्लब ठेवतो. क्लबच्या नावात दोन शिकारी आहेत, त्यांच्यातल्या एकाचा गुरू नाही.

इशीचं नाव मात्र डोंगराला मिळालं. १९८४ मध्ये मिल क्रीक आणि डियर क्रीकच्या परिसरातलं सुमारे ४१ हजार एकर रान ‘इशी वाइल्डरनेस’ म्हणून राखीव झालं. आणि त्याच्या खऱ्या नावाचं काय? ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. ते त्याच्याबरोबरच गेलं.