सर जमशेटजी जीजीभाई : पेढीच्या पत्रांतून दिसणारा पुरुष

एखाद्या जुन्या व्यापाऱ्याचे चरित्र लिहू जाता साधने बहुधा दोन प्रकारची सापडतात. एक त्याच्या दानधर्माचे शिलालेख आणि दुसरे त्याच्या पेढीचे कागद. शिलालेख रस्त्याने जाणाऱ्या कोणासही वाचता येतो. पेढीचे कागद मात्र वाळवीच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या हाती जातात. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या बाबतीत सुदैवाने दोन्ही उरले आहेत. त्यांच्या जावक पत्रांच्या नकलांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाल्या, आणि त्यांनी चीनला पाठविलेली पत्रे जार्डिन मॅथेसन कंपनीच्या दप्तराबरोबर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचली. इस्पितळ, कलाशाळा आणि माहीमचा पूल यांमुळे सर्वतोमुखी झालेला दानशूर पुरुष या पत्रांत निराळा भेटतो. तो काळजी करतो, भावांची चौकशी करतो, हिशेबाला उशीर का झाला असे पुन्हा पुन्हा विचारतो.

त्यांचा जन्म १७८३ सालचा. वडिलांचा कापडाचा साधा व्यापार होता. १७९९ मध्ये आईबाप दोघेही वारले तेव्हा मुलाचे वय अवघे सोळा. शिक्षण बेताचेच झालेले; इंग्रजी त्यांनी व्यवहारात पडल्यावर, गरजेपुरते आत्मसात केले. मामा फ्रामजी नसरवानजी हे रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यामुळे बाटलीवाला म्हणून ओळखले जात. भाच्याला त्यांनी आश्रय दिला आणि १८०३ मध्ये आपली कन्या आवाबाई त्यालाच दिली. आईबापांच्या मृत्यूच्याच सुमारास जमशेटजींनी चीनची पहिली सफर केली होती. पुढे १८०७ पर्यंत अशा पाच सफरी झाल्या.

यांतील चौथ्या सफरीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. १८०५ च्या जुलै महिन्यात ते ब्रन्सविक नावाच्या जहाजातून कापूस घेऊन निघाले असता सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. कैद्यांना केप ऑफ गुड होपपर्यंत नेण्यात आले. माल गेला, पैसा गेला, आणि परमुलखात अन्नवस्त्राची भ्रांत पडली. पण याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश शल्यवैद्य होता. दोघांची ओळख आपत्तीत झाली. वैद्यकी सोडून जार्डिन पुढे व्यापारात शिरला आणि १८३२ मध्ये कॅन्टन येथे जेम्स मॅथेसनबरोबर त्याने आपली पेढी उभारली. तोवर जमशेटजी मुंबईतील अग्रगण्य व्यापारी झाले होते. त्यांचा चीनकडील बहुतेक माल या पेढीच्या अडतीत जाऊ लागला.

युरोपातील युद्धांच्या काळात कापसाचे भाव चढले, त्याचा लाभ जमशेटजींना भरपूर झाला. १८१४ मध्ये त्यांनी गुड सक्सेस हे स्वतःचे जहाज घेतले आणि १८१८ मध्ये पेढी स्थापन केली. तिची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतः पारशी, एक भागीदार मोतीचंद अमीचंद हे जैन, दुसरे महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. पुढे त्यांच्या वर्तुळात आले रोजेरियु द फारिया हे गोमंतकीय ख्रिस्ती. गुजरातचा कापूस, कोकणातील दर्यावर्दी आणि पोर्तुगीज बंदरांतील वहिवाट ही सारी अशा रीतीने एका व्यवहारात जोडली गेली.

पोर्तुगीज बंदरांचे एवढे महत्त्व का, याचे उत्तर अफू हे आहे, आणि ते आडपडदा न ठेवता सांगितलेच पाहिजे. बंगालच्या अफूवर इंग्रज कंपनीचा मक्ता होता; परंतु होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात, इंदूर-उज्जैनच्या परिसरात पिकणाऱ्या माळव्याच्या अफूवर तिचा ताबा चालत नसे. हा माल राजपुतान्यातून कराचीस, आणि तेथून समुद्रमार्गे दमणला येई. दमणच्या बंदरातून तो चीनला रवाना होई. पणजीच्या म्हामाय कामतांच्या घराण्याचे जे दप्तर पुढे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आले, त्यातही या काळच्या व्यापाराच्या खुणा आहेत. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपणा केला आणि जकात घेऊन हाच माल मुंबई बंदरातून जाऊ दिला. फारिया यांचे नाव गोमंतकाच्या इतिहासात आणखी एका कारणाने येते. १८३५ मध्ये पदच्युत होऊन मुंबईस आलेल्या बेर्नार्दु पेरेस द सिल्वा यांना त्यांनी पैशाचे साहाय्य केले, आणि ते त्यांना फार महाग पडले.

१८०७ नंतर जमशेटजी चीनला गेले नाहीत. तेथला सारा कारभार पत्रांवरच चालला. शिडाच्या जहाजांचे येणेजाणे वाऱ्यावर अवलंबून. मुंबईहून लिहिलेल्या पत्राला कॅन्टनचे उत्तर येईपर्यंत कित्येक महिने लोटत. एखादे जहाज बुडाले तर पत्रही बुडावे, म्हणून त्याच पत्राची दुसरी प्रत निराळ्या जहाजाने पाठविण्याचा प्रघात होता. (त्या काळच्या कारकुनांच्या बोटांची कल्पनाच केलेली बरी.) माल कोणत्या भावाने विकावा हे मुंबईहून कळवावे, तर ते पत्र पोहोचेपर्यंत भाव पार उलटलेला असे. तेव्हा विश्वास हेच एक भांडवल होते, आणि जार्डिन म्हणजे तो विश्वास. पत्रांत कापसाच्या गासड्या, अफूच्या पेट्या आणि लंडनवरच्या हुंड्या यांच्या जोडीने प्रकृतीची विचारपूस आणि स्नेहाचे शब्द येतात. व्यवहार कोठे संपतो आणि मैत्री कोठे सुरू होते हे सांगणे कठीण जाते.

तथापि या मैत्रीचा ताळेबंद समतोल नव्हता. माल जमशेटजींचा, जहाज बहुधा त्यांचे किंवा त्यांनी ठरविलेले, बुडीत आली तर तीही त्यांचीच. जार्डिनची पेढी अडत्या. नफा होवो वा तोटा, तिची अडत वसूल होई. सुगीच्या दिवसांत ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांत येत नाही. १८३९ मध्ये ती आली.

त्या वर्षाच्या मार्चमध्ये चीनच्या बादशहाचा आयुक्त लिन त्सु-श्यू कॅन्टनला आला आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांची सारी अफू मागितली. इंग्रज अधिकारी इलियट याने आपल्या सरकारच्या वतीने भरपाईचे वचन देऊन २०,००० हून अधिक पेट्या त्याच्या स्वाधीन केल्या. जून महिन्यात त्या चुना आणि मीठ घालून नष्ट करण्यात आल्या. जार्डिन काही आठवड्यांपूर्वीच चीन सोडून गेला होता. पेट्या स्वाधीन केल्या कॅन्टनच्या पेढ्यांनी. पण त्यांतील फार मोठा वाटा मुंबईकरांच्या मालकीचा होता. मुंबईत हाहाकार उडाला. सरकारच्या वचनावर पैसे मिळतील की नाहीत, केव्हा मिळतील, याची चिंता बाजारभर पसरली. पुढे युद्ध झाले, १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि अफूपोटी ६० लाख डॉलर चीनकडून घेण्यात आले. व्यापाऱ्यांच्या हाती जी रक्कम आली ती उशिराने आणि त्यांच्या मते अपुरी. जार्डिन १८४३ मध्ये लंडनला वारला. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात तक्रारीचा सूर वाढत गेला आणि जमशेटजींनी चीनच्या व्यापारातून हळूहळू अंग काढून घेतले. त्याच वर्षी इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर कराची-दमणचा मार्गही बंद पडला.

आता दानधर्माच्या तारखा या शेजारी ठेवून पाहाव्यात. तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कर्जदारांची देणी त्यांनी १८२२ मध्येच भागविली होती. १८३४ मध्ये मोतीचंद अमीचंदांबरोबर मुंबईची पांजरपोळ उभी केली. इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले ते १८३८ मध्ये, म्हणजे संकटाच्या आदल्या वर्षी. चीनमधील पैसा अडकून पडला असतानाही त्यांनी हात आखडला नाही. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये इस्पितळ सुरू झाले. शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत पेडण्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड होते. माहीमच्या खाडीत माणसे बुडत ती पाहून आवाबाईंनी पुलासाठी १,५७,००० रुपये दिले. कलाशाळेसाठी दिलेल्या लाख रुपयांतून १८५७ मध्ये शिक्षण सुरू झाले. ही सर्व रक्कम कोठून आली हे पत्रवह्या सांगतात. चिनी जनतेची व्यसनाने काय दुर्दशा झाली याची दखल त्या पत्रांतील बाजारभावांत नाही. त्या काळी फारच थोड्यांनी ती घेतली, हे खरे असले तरी त्यामुळे दोष नाहीसा होत नाही. आणि इस्पितळात बऱ्या झालेल्या रोग्यांची संख्याही कमी होत नाही.

१८४२ मध्ये ते सर झाले. हा मान मिळालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. १८५७ मध्ये त्यांना वंशपरंपरेचा बॅरोनेट किताब मिळाला. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. किताब थोरले चिरंजीव खर्शेटजी यांच्याकडे गेला, आणि १८६० मध्ये खास कायदा करण्यात आला की किताबाच्या प्रत्येक वारसाने आपले स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे. त्यामुळे पुढल्या काळातील कागद हाती आला की सही कोणत्या जमशेटजींची, हे आधी तारीख पाहूनच ठरवावे लागते.