नाताळ आणि रेव्हरंड टिळकांचें स्मरण

प्रभूच्या जन्माचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन गोष्टी बरोबरीनें चालतात. एकीकडे देऊळ सारवणें, पताका लावणें, मुलांचीं गीतें बसविणें. दुसरीकडे जे गेल्या सणाला होते आणि आतां नाहींत त्यांची आठवण. पण आणखी एक प्रकारची उणीव असते, तिच्याविषयीं आपण उघड बोलत नाहीं. आई जिवंत आहे, पण येत नाहीं. भाऊ शेजारच्याच गांवीं आहे, पण ओटीवर पाय ठेवीत नाहीं. मेंढपाळांना देवदूतांनीं शांतीचें वर्तमान सांगितलें खरें. तथापि पुष्कळ घरांची शांति मोडली ती बाप्तिस्म्याच्याच दिवशीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा घरांकरितां आम्ही या सणाच्या अंकीं कैलासवासी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों. त्यांचा जन्मदिवस ६ डिसेंबर, म्हणजे आगमनकाळांतच पडतो. शिवाय ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे.

दापोली तालुक्यांत करजगांव म्हणून गांव आहे. तेथें इ. स. १८६१ सालीं एका चित्पावन ब्राह्मण घरांत टिळकांचा जन्म झाला. त्या किनाऱ्यावर शुभवर्तमान नवें नव्हतें. इ. स. १८२३ सालींच स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटास उतरले होते, व पुढें हर्णै येथेंहि त्या मिशनचें काम होतें.  वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भाविक, गाणीं व अभंग यांची आवड असणारी. मुलाच्या कानांत कविता गेली ती आईच्या तोंडून. ती आई तो लहान असतांनाच वारली, आणि थोड्याच काळांत मुलानें घर सोडलें. एका घरापासून तुटणें काय असतें हें लहानपणींच टिळकांस कळलेलें होतें.

नासिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. सुमारें १८८० सालीं जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. याच आपल्या लक्ष्मीबाई. पुढील बारातेरा वर्षें टिळक एका जागीं राहिले नाहींत. कोठें शिक्षक, कोठें कथेकरी, कोठें ग्रंथांचें काम. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. या सर्व भटकंतींत एक विचार त्यांच्या डोक्यांत घोळत असे कीं, हा देश जातिभेदानें पोखरला आहे आणि याला खऱ्या धर्माखेरीज तरणोपाय नाहीं. तो धर्म कोणता, याचा शोध चालूच होता.

इ. स. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांव संस्थानाकडे आगगाडीनें जात असतां डब्यांत एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेविषयीं बोलणें झालें, मग धर्माविषयीं झालें. उतरतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराचें पुस्तक हातीं दिलें, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भविष्य करून ते निघून गेले. टिळकांना त्या वेळीं तें बोलणें रुचलें नसावें. पण पुस्तक त्यांनीं वाचलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचन आलें, आणि तेथें ते थांबले, पुढें जाववेना. ज्याचा शोध इतकीं वर्षें चालला होता तें येथें आहे, अशी त्यांची खात्री होत गेली. टोपण नांवानें त्यांनीं एका ख्रिस्ती पत्राकडे आपले प्रश्न पाठविले, उत्तरें वाचलीं, पुन्हा लिहिलें. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरांत रेव्हरंड तुकाराम नथूजी या हिंदी पाळकाच्या हातून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. साहेबाच्या हातून तो त्यांनीं घेतला नाहीं, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व आयुष्याशीं जुळते.

आतां आम्ही ज्या भागाकडे वाचकांचें लक्ष विशेष लावूं इच्छितों तो आला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्या वेळीं लक्ष्मीबाई माहेरच्या व नात्यागोत्याच्या माणसांत होत्या, आणि त्यांच्या दृष्टीनें नवरा जिवंत असून मेल्यासारखा झाला. लहान दत्तू त्यांच्यापाशीं होता. नातलगांनीं त्यांना संभाळलें, पण नवऱ्याकडे जाऊं देणें म्हणजे धर्म बुडविणें असें सर्वांचें मत. आणि त्यांचें स्वतःचेंहि तेंच. पुढें त्या पंढरपुरास राहूं लागल्या. चारपांच वर्षें हें घर असें दुभंगलेलें होतें.

या वर्षांत टिळकांस काय करतां आलें असतें हें पाहण्याजोगें आहे. इ. स. १८६६ सालीं या देशांत एक कायदा झाला होता. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याची पत्नी अथवा पति केवळ धर्मांतराच्या कारणानें त्याच्याजवळ नांदण्यास नाकारील, तर न्यायालयांत जाऊन, ठरलेली मुदत लोटल्यावर, तो विवाह रद्द करून घेण्याची त्यांत मोकळीक होती. हा कायदा वाईट हेतूनें केलेला होता असें आम्ही म्हणत नाहीं; पुष्कळ तरुण माणसांची त्यानें सोय झाली. परंतु टिळकांनीं ती वाट धरली नाहीं. त्यांनीं पत्रें लिहिलीं, कविता लिहिल्या, आणि नातलगांच्या रागालोभाची पर्वा न करतां भेटीस गेले. अपमान सोसले. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या मनुष्यानें हें सोसलें हें लक्षांत ठेवलें पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणें टिळकांच्या ख्रिस्तीपणाची खरी परीक्षा भायखळ्यास झाली नाहीं, ती या पत्रांत झाली.

शेवटीं लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यास नव्हे; नवऱ्याजवळ राहण्यास. त्यांचें सोंवळेंओंवळें, त्यांचा वेगळा स्वयंपाक, सर्व चालूच राहिलें, आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. एका छपराखालीं दोन धर्म आणि दोन चुली! आपल्यांतील कांहीं उत्साही उपदेशकांस हें खपलें नसतें, आणि त्या काळींहि कित्येकांस खपलें नसेल. पण घाई न केल्यामुळेंच पुढची गोष्ट घडली. राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनांत आपण होऊन विचार उठला कीं देवानें माणूस निर्माण केला, जाति माणसांनीं केल्या. आणि त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्यांना अडचण राहिली नाहीं. जात प्रथम गेली, बाप्तिस्मा मागाहून आला. तो इ. स. १९०० सालीं, छपन्नच्या दुष्काळाच्या दिवसांत झाला. त्या दुष्काळांत नगर जिल्ह्यांतील मिशनांपाशीं अनाथ मुलांची रीघ लागली होती. टिळकांच्या घरांतहि परक्यांचीं मुलें आलीं आणि तेथलींच झालीं. हें दार पुढें कधीं बंद झालें नाहीं. इ. स. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत चमकलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे महाराष्ट्राचे बालकवि, हेहि याच घरांत मुलासारखे राहिले. आणि ते ख्रिस्ती नव्हते.

टिळकांच्या मंडळीसेवेविषयीं आमच्या वाचकांस पुष्कळ माहिती आहे, म्हणून ती येथें आटोपशीर सांगतों. नगरच्या धर्मशाळेंत त्यांनीं उपदेशकांस शिकविलें. १९०४ सालीं त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मरेपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे ते संपादक होते. मात्र गीतांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. त्यांच्यापूर्वीं आपल्या मंडळ्यांत स्वदेशी गीत नव्हतें असें नाहीं. कृष्णराव सांगळे यांचीं पदें व कीर्तनें होतींच. पण उपासनेंत बराचसा भाग विलायती चालींचा असे, आणि त्यावर बसविलेले मराठी शब्द कित्येकदां अवघडून बसल्यासारखे वाटत. टिळकांनीं तुकोबांच्या अभंगाचा छंद घेतला, ओंवी घेतली, टाळमृदंगासह कीर्तन घेतलें. तुकारामाच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंहोंचलों असें ते मोकळेपणीं सांगत. यामुळें काय झालें? नाताळच्या रात्रीं खेड्यांत भजन सुरू झालें म्हणजे वेशीपलीकडचा माणूस थांबून ऐकूं लागला. शब्द येशूचे, पण सूर त्याच्या आजीचा. जो ओटीवर येत नव्हता तो निदान अंगणापर्यंत आला.

टिळक निर्दोष होते असें कोणी समजूं नये. लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रांत त्यांचा संताप, लहर, न सांगतां निघून जाणें, आणि हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळें होणें, हें सर्व हंसत हंसत लिहून ठेविलें आहे. अशा माणसाशीं संसार करणें सोपें नव्हतें. मिशनशींहि त्यांचें नेहमींच जुळलें असें नाहीं. इ. स. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास जाऊन राहिले, आणि देवाचा दरबार नांवाचा एक बंधुसमाज काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाहि त्यांत जागा होती. येशूवर प्रीति करणारा मनुष्य मिशनच्या आवारांत आलाच पाहिजे असें नाहीं, हिंदी मंडळीनें आपल्या पायांवर उभें राहिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. बाप्तिस्म्याचें महत्त्व यानें कमी होतें अशी शंका त्या काळच्या पाळकांस आली, आणि ती अगदींच निराधार होती असें आम्हांस वाटत नाहीं. पण एवढें खरें कीं हा दरबार काढणारा मनुष्य आपल्या घराचें दार कित्येक वर्षें असेंच उघडें ठेवून बसला होता. त्यानें नवें कांहीं काढलें नाहीं, घरचेंच थोरलें केलें.

तेव्हां यूरोपांत महायुद्ध चाललें होतें. त्या युद्धाच्या पहिल्या नाताळांत, इ. स. १९१४ सालीं, फ्रान्स व बेल्जमच्या रणभूमीवर कित्येक ठिकाणीं इंग्रज व जर्मन शिपायांनीं वरिष्ठांची आज्ञा नसतां बंदुका खालीं ठेविल्या, खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांस भेटले, गीतें गाइलीं, आणि मधल्या जागेंत पडलेले आपापले मृत पुरले. सण सरल्यावर लढाई पुन्हा जुंपली, आणि ती चार वर्षें चालली. नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें. त्याच वर्षीं इन्फ्लुएन्झाच्या सांथीनें हिंदुस्थानांत लाखों माणसें नेलीं. त्यापुढचा नाताळ हा टिळकांचा शेवटचा नाताळ होय. मुलासारखे वाढविलेले बालकवि त्याच वर्षीं, ता. ५ मे १९१८ रोजीं, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून वारले होते. वय अवघें सत्तावीस. जगांत शांति झाली असें लोक म्हणत होते, आणि ज्या घरांत एक माणूस कमी झालें होतें अशीं घरें कोठेंहि थोडीं नव्हतीं.

वसंत सरतां सरतां टिळकांची प्रकृति ढासळली. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. ख्रिस्ती लोकांत पुरण्याची चाल असतां, त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहन करण्यांत आलें, आणि अस्थि नगरास नेऊन ठेवण्यांत आल्या. मरणांतहि त्यांनीं आपल्या जन्मघराची रीत टाकली नाहीं.

त्यांच्यामागें एक काम अपुरें राहिलें होतें. इ. स. १९०९ सालीं त्यांनीं ख्रिस्तायन नांवाचें काव्य आरंभिलें होतें, प्रभूचें सर्व चरित्र मराठी छंदांत सांगावें म्हणून. सुरुवातीचे कांहीं अध्याय झाले आणि तें थांबलें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं. लहानपणीं त्यांस अक्षरओळख नव्हती. ती लग्नानंतर टिळकांनींच करून दिली होती, आणि शुद्धलेखनाशीं त्यांचें शेवटपर्यंत फारसें जमलें नाहीं. ज्या येशूच्या नांवानें १८९५ सालीं त्यांच्या संसाराची राखरांगोळी झाली असें त्यांस वाटलें होतें, त्याच येशूच्या चरित्राच्या चौसष्ट अध्यायांची भर त्यांनीं घातली. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. ख्रिस्तायन छापून निघालें तें १९३८ सालीं, आणि तेव्हां दोघांपैकीं कोणीहि तें पाहण्यास उरलें नव्हतें.