पेटी, शाई आणि सुकुमार सेन

ईव्हीएमवरून कॉलेज कट्ट्यावर वाद रंगतात तेव्हा एक नाव सहसा कुणी काढत नाही. सुकुमार सेन, देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त.

मूळचे बंगालचे, शिक्षण कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि मग लंडनला. तिथं गणितात सुवर्णपदक. आयसीएस होऊन न्यायाधीश झाले, पुढे पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. 1950 मध्ये आयुक्तपद मिळालं. पंडित नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती, सेन यांनी मात्र थोडं थांबायला लावलं.

कारण हिशेबच तसा होता. 17 कोटींहून जास्त मतदार आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. मग प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिका फक्त हव्या त्या पेटीत टाकायची. यातल्या लाखो पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. कुलूप आतूनच बसवलेलं. एकानं दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई.

पण खरा पेच यादीत होता. अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. अशा नोंदी ठेवल्या तर कुणीही कुणाच्या नावावर मत देणार. सेन यांनी त्या काढायला लावल्या आणि सुमारे 28 लाख महिलांचं मत गेलं. निर्णय कठोरच होता. पण 1957 च्या यादीत बऱ्याच जणी स्वतःच्या नावानं आल्या.

पद्धतीत खोटही होती. मतपत्रिकेवर खूण नसायची, त्यामुळे ती पेटीत न टाकता गुपचूप बाहेर आणता यायची आणि विकताही यायची. सेन 1958 मध्ये निवृत्त झाले. नंतर शिक्का मारायची पद्धत आली, मग ईव्हीएम, मग व्हीव्हीपॅट.

मधल्या काळात, 1953 मध्ये, सुदानची पहिली निवडणूक घ्यायलाही सेन यांनाच बोलावलं होतं.

त्यांच्या कामातून एक गोष्ट कळते. नुसतं कुलूप पक्कं असून भागत नाही, यादीही खरी लागते. आणि चूक दिसली की पद्धत बदलायची तयारी लागते. म्हणून मशीनवर भांडा बिनधास्त, पण आधी यादीत आपलं नाव आहे का, तेवढं बघून घ्या.