बाबा पदमनजी : गुप्त श्रद्धेकडून प्रकट स्वीकाराकडे

मराठी वाङ्मयेतिहासात बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव प्रामुख्याने ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या संदर्भात घेतले जाते. विधवांच्या स्थितीचे चित्रण करणारी आद्य सामाजिक कादंबरी म्हणून तिची नोंद होते आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. या कादंबरीच्या मुळाशी असलेला लेखकाचा आत्मसंघर्ष मात्र दुर्लक्षित राहतो. मनात पटलेली श्रद्धा चारचौघांत बोलून दाखवावी की नाही, या प्रश्नाने त्यांच्या तारुण्यातील काही वर्षे व्यापली होती.

बाबांचा जन्म बेळगावचा, घराणे धर्मनिष्ठ कासारांचे. गावातील मिशनच्या शाळेत त्यांना ख्रिस्ती ग्रंथांचा परिचय झाला. पुढे मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात शिकत असताना हिंदू आचारांविषयीच्या त्यांच्या शंका बळावत गेल्या. या सुमारास ते परमहंस सभेत जाऊ लागले. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या सभेला जातिभेद व मूर्तिपूजा मान्य नव्हती. तथापि तिचा सारा व्यवहार गुप्त होता. सभासद बंद दाराआड पाव खाऊन जातिबंधन मोडीत आणि घरी परतल्यावर रूढाचार पाळीत. सभेला आधारभूत असलेले दादोबा पांडुरंगांचे ‘धर्मविवेचन’ १८४३ मध्ये लिहून झाले, पण छापून बाहेर आले ते १८६८ मध्ये. या भिडस्तपणाला निव्वळ भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयामार्फत परत आणल्यानंतर त्याच्या शुद्धीवरून मुंबईत केवढे वादळ उठले आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांना किती विरोध सोसावा लागला, हे त्या पिढीच्या स्मरणात ताजे होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राखला खरा. परंतु आईचे अश्रू, पत्नीचा दुरावा आणि जातीचा बहिष्कार यांवर कायद्यापाशी इलाज नव्हता.

बाबांची घालमेल नेमकी येथे होती. ख्रिस्तावरील विश्वास दृढ झाल्यानंतरही घरच्या माणसांच्या दुःखाच्या विचाराने त्यांचे पाऊल अडखळत राहिले. आपल्या मनाने शोधलेल्या सबबींचा हिशेब त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात फार प्रामाणिकपणे मांडला आहे. मुंबईला ओळखीपाळखीच्या गर्दीत माणूस झाकून जाऊ शकतो. बेळगावात तसे नव्हते. तरीही ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावातच, म्हणजे ज्या गावात प्रत्येक जण त्यांना ओळखत होता तेथे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात वाइल्डर यांचे मिशनकार्य सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. या साऱ्या मुलखात उच्चवर्णीयांच्या नजरेसमोर ख्रिस्ती होणे ही दुर्मीळ घटना होती. किंमतही द्यावी लागलीच. पत्नी त्यांच्याकडे नांदावयास आली नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘यमुनापर्यटना’चे वाचन बदलते. यमुना आणि विनायक हे दांपत्य मनाने ख्रिस्ती आहे, पण ती श्रद्धा घराच्या चार भिंतींत दडलेली आहे. विनायकाच्या अकाली मृत्यूनंतर विधवा यमुना उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. बाप्तिस्म्याला तीन वर्षे होतात न होतात तोच लिहिलेल्या या कथेत लेखकाने स्वतःची जुनी भीती विनायकाच्या ठायी ठेवली असावी, असे मानण्यास जागा आहे. कादंबरीतील प्रचार आज रुक्ष वाटतो, हे मान्यच केले पाहिजे. पण गुप्ततेचे ओझे वागवणाऱ्या घराचे तिच्यातील चित्र प्रचारकी नाही.

परमहंस सभेचा शेवट या दृष्टीने बोलका आहे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, आणि नावे फुटण्याच्या धास्तीनेच सभा विस्कटली. तोवर बाबांचे नाव उघड होऊन सहा वर्षे लोटली होती. त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती (१८६३) सिद्ध केली, पुण्यास पाळकपद पत्करले आणि १८७३ मध्ये ते सोडून उरलेले आयुष्य लेखनाला दिले. सुमारे शंभर लहानमोठी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. आत्मचरित्राचा भर मात्र त्यांनी या कर्तृत्वावर ठेवला नाही. बाप्तिस्म्यापर्यंतच्या दोलायमान वर्षांवर ठेवला.