तेलसम्राटाला भिडलेली इडा

कल्पना करा, कॉलेजबाहेरच्या सगळ्या झेरॉक्सवाल्यांनी आपसांत ठरवून एका रात्रीत रेट दुप्पट केले. तुम्ही जाणार कुठे? धंदेवाल्यांच्या अशा छुप्या संगनमताला 'कार्टेल' म्हणतात. इडा टार्बेलने ते चौदाव्या वर्षी घरातूनच पाहिलं.

इडा १८५७ची, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची. वडील तेलासाठी लाकडी टाक्या बनवायचे, मग स्वतःच तेलाच्या धंद्यात उतरले. १८७२मध्ये रेल्वे कंपन्या आणि जॉन रॉकफेलरसह काही बड्या रिफायनरीवाल्यांनी गुपचूप करार केला. इतरांचं मालभाडं वाढवायचं आणि त्यातलाही वाटा या बड्यांना द्यायचा! म्हणजे माल तुमचा, कमाई प्रतिस्पर्ध्याची. तेल काढणारे छोटे व्यावसायिक भडकले, त्यांनी माल विकणंच बंद केलं. करार मोडला. पण तोवर क्लीव्हलंडच्या २६पैकी २२ रिफायनऱ्या रॉकफेलरच्या 'स्टँडर्ड ऑइल'ने गिळल्या होत्या.

इडा शिकली. पदवीच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पुढे 'मॅक्लुअर्स' मासिकात पत्रकार झाली. वडील नको म्हणत होते, तरी १९०२पासून तिने स्टँडर्ड ऑइलवर लेखमाला लिहिली. तिची ताकद म्हणजे कागदपत्रं. कंपनीत जुने कागद जाळणाऱ्या एका पोराला त्यात ओळखीचं नाव दिसलं, त्याच्याच शिक्षकाचं. ते छोटे तेल व्यावसायिक होते. त्यांचा माल कुठे चाललाय, याची खबर रेल्वेतूनच स्टँडर्डला मिळत होती! ते कागद शेवटी इडाच्या टेबलावर आले.

१९११मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचे ३४ तुकडे केले. गंमत म्हणजे शेअर वधारले आणि रॉकफेलर आणखी श्रीमंत झाला. मग मिळवलं काय? इंडियानातल्या तुकड्याकडे बघा. तिथल्या विल्यम बर्टनकडे कच्च्या तेलातून जवळपास दुप्पट पेट्रोल काढायची पद्धत होती. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाने आधी त्यासाठी पैसे नाकारले होते. कंपनी सुटी झाली आणि १९१३मध्ये ती पद्धत सुरू झाली. ऐन मोटारींच्या जमान्यात!

इडा १९४४मध्ये गेली. आज आपल्याकडे कार्टेलची चौकशी भारतीय स्पर्धा आयोग करतो. श्रीमंताला गरीब करणं हे या कायद्याचं काम नाहीच. इतरांना धंद्यात शिरायला दार उघडं ठेवणं, हे त्याचं काम. इडाच्या वडिलांच्या वेळी ते दार बंद होतं.