विश्लेषण : १५ हजार रुपये आणि एक गुप्त करार... कुवेतच्या शेख मुबारक यांनी गादी कशी वाचवली?

झरी जामणीत ट्रॅक्टरमध्ये पडणारे डिझेल असो की पुण्यात दुचाकीत भरले जाणारे पेट्रोल. आखाती राजघराण्यांवर संकट आले की दराची धास्ती इथपर्यंत पोहोचते. पैसा भरपूर, सैन्य छोटे आणि डोक्यावर परक्या महासत्तेची छत्री, अशी या राजवटींची रचना. कुवेतमध्ये ती उभी केली शेख मुबारक अल-सबाह यांनी, तेही तेल सापडण्याच्या कितीतरी आधी.

कोण होते शेख मुबारक?

मे १८९६ मध्ये सत्तेवर असलेले सावत्र भाऊ मोहम्मद आणि दुसरे भाऊ जर्राह यांची एकाच रात्रीत हत्या झाली आणि मुबारक गादीवर बसले. पुतणे बसऱ्याला पळाले. तिथे राज्य ऑटोमन तुर्कांचे, आणि तुर्क तर कुवेतवरच हक्क सांगत होते. म्हणजे घरचे वैरी आणि बाहेरचा शत्रू एकाच ठिकाणी!

मुबारक यांनी ब्रिटिशांकडे धाव घेतली. २३ जानेवारी १८९९ रोजी गुप्त करार झाला. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय कोणालाही जमीन द्यायची नाही, दुसऱ्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही. मोबदला १५ हजार रुपये. होय, रुपये! आखाताचा कारभार ब्रिटिश तेव्हा हिंदुस्थान सरकारमार्फत पाहत आणि आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती.

छत्री किती कामाची?

१९०१ मध्ये वाळवंटातल्या सरीफच्या लढाईत इब्न रशीदने मुबारक यांचा दणदणीत पराभव केला. त्याच वर्षी तुर्की जहाज कुवेतला आले, तेव्हा मात्र ब्रिटिश युद्धनौकेने ते परत पाठवले. १९१० मध्ये जाचक करांना कंटाळून बडे मोती व्यापारी बहारीनला निघून गेले. इथे युद्धनौका काय करणार? शेखना त्यांची मनधरणीच करावी लागली.

१९१३ मध्ये ब्रिटिशांनी मान्य केलेल्या माणसाशिवाय कोणालाही तेलाची सवलत देणार नाही, असेही मुबारक यांनी लिहून दिले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी पुणे डिव्हिजनचे सैनिक इराकच्या फाव बंदरात उतरले. त्यांत ११७ मराठा पलटण होती. जवळच्या अबादानची तेल रिफायनरी सुरक्षित ठेवणे, हा त्या मोहिमेचा एक हेतू. ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य म्हणून कुवेतला मान्यतेचे वचनही त्याच आठवड्यात मिळाले.

२८ नोव्हेंबर १९१५ रोजी मुबारक यांचे निधन झाले. कुवेतमध्ये तेल लागले ते १९३८ मध्ये.

पुढे काय झाले?

जून १९६१ मध्ये १८९९ चा करार संपला आणि सहाच दिवसांत इराकने कुवेतवर हक्क सांगितला. ब्रिटिश सैन्य पुन्हा धावले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे थेट आत घुसले. देश सोडवायला अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजा लागल्या. तेव्हापासून छत्री अमेरिकेची. पण सप्टेंबर २०१९ मध्ये शेजारच्या सौदीतील अबकैक तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आदळली, तेव्हा सौदीचे निम्मे तेल उत्पादन काही काळ थांबले.