रुपयातील मैत्रीचा राजदूत

भारत-रशिया संबंधांची चर्चा निघाली की १९७१ च्या मैत्री कराराचा उल्लेख हटकून होतो. त्या कराराची पायाभरणी मात्र पन्नासच्या दशकातच झाली होती आणि १९५२ ते १९६१ या काळात मॉस्कोतील भारतीय वकिलातीची धुरा के. पी. एस. मेनन यांच्याकडे होती.

१८९८ मध्ये कोट्टायम येथे जन्मलेले मेनन आयसीएस परीक्षेत पहिले आले होते. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष सर शंकरन नायर हे त्यांचे सासरे. १९४४ मध्ये काराकोरमच्या खडतर वाटेने ते दिल्लीहून चुंगकिंगला पोहोचले. स्वातंत्र्यानंतर चीनमधील राजदूतपद सांभाळून १९४८ मध्ये ते देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले.

ते मॉस्कोत दाखल झाले, तेव्हा भारताकडे पाहण्याची सोव्हिएत दृष्टी साशंक होती आणि उभयपक्षी व्यापार नगण्य. १७ फेब्रुवारी १९५३ रोजी स्टॅलिन यांनी मेनन यांना भेटीस बोलावले. त्यानंतर जेमतेम सोळा दिवसांनी स्टॅलिन यांचे निधन झाले आणि क्रेमलिनचे वारे बदलू लागले. ही संधी दोन्ही राजधान्यांनी साधली. २ डिसेंबर १९५३ रोजी पाच वर्षांचा व्यापार करार झाला. त्यात देयके रुपयांत चुकती करण्याची सोय होती. १९५८ च्या करारानंतर तर सोव्हिएत संघाच्या खात्यावरील रुपये भारतीय माल खरेदी करूनच वापरण्याची पद्धत रूढ झाली. चहा, ताग, कातडी देऊन यंत्रसामग्री मिळवणे परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला परवडणारे होते.

फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. अडीच टक्के व्याजाचे कर्ज बारा वर्षांत फेडायचे होते. त्याच वर्षी नेहरू रशियाला गेले. बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले आणि काश्मीरप्रश्नी त्यांनी भारताची बाजू उचलून धरली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या पवईच्या आयआयटीलाही युनेस्कोमार्फत सोव्हिएत साह्य लाभले.

या मैत्रीची कसोटी १९५६ मध्ये लागली. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा तेथील राजदूतपदाची जबाबदारीही मेनन यांच्याकडेच होती. ते बुडापेस्टला जाऊन आले. सुएझप्रश्नी कडाडून बोलणारी दिल्ली हंगेरीबाबत कचरली, ही टीका देशात आणि परदेशातही झाली. व्यापार व राजकीय पाठबळ यांचे मोल शब्दांच्या संयमाने चुकवावे लागते, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

१९६१ मध्ये मेनन निवृत्त झाले. १९७९ मध्ये त्यांना लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र आणि नातू हेही पुढे परराष्ट्र सचिव झाले.

युक्रेन युद्धानंतर रुपयातील व्यवहारांची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण २०२४-२५ मध्ये सुमारे ६८.७ अब्ज डॉलरच्या व्यापारात भारताची निर्यात पाच अब्जांहूनही कमी होती. तेलाच्या मोबदल्यात मिळणारे रुपये खर्चायचे कशावर, हा पेच रशियासमोर २०२३ मध्येच उभा राहिला. मेनन यांच्या काळातील व्यवस्था टिकली, कारण रशियाला हवा असलेला माल भारतापाशी होता. केवळ जुन्या स्नेहाच्या स्मरणाने ती तूट भरून निघणारी नाही.